चक बेरीचं एकच कलेक्शन घ्यायचं तर कोणतं? ग्रेट ट्वेंटी-एट की डेफिनिटिव्ह?

परवा भाच्याने नवा रेकॉर्ड प्लेअर घेतला आणि लगेच विचारलं, मामा, चक बेरी ऐकायचाय, पण एकच काहीतरी सांग, पाच-सहा नावं घेऊ नकोस. चक बेरी म्हणजे पन्नासच्या दशकात रॉक अँड रोल घडवणारा अमेरिकन गायक-गिटारवाला. आता त्याच्या बाबतीत हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाहीये, कारण या माणसाच्या नावावर बाजारात बेस्ट ऑफचा नुसता पूर आहे, त्यातले निम्मे फसवे आहेत, आणि जे चांगले आहेत त्यांच्यातही प्रत्येकात काहीतरी मोक्याचं राहून गेलंय. म्हणून दोन मुख्य दावेदार परत नीट ऐकून काढले. एक 1982 चा द ग्रेट ट्वेंटी-एट, म्हणजे जुनी डबल एलपी, प्रत्येक बाजूला सात याप्रमाणे चार बाजूंना अठ्ठावीस गाणी. दुसरा 2006 चा द डेफिनिटिव्ह कलेक्शन, एकाच सीडीत तीस गाणी. बाकीचे पर्यायही येतील ओघात, पण खरी मॅच या दोघांतच आहे.

आधी एक गोष्ट, कलेक्शनच का घ्यायचं, ओरिजिनल अल्बम का नाही? तर पन्नासच्या दशकात हा सगळा धंदा सिंगलचा होता. मागे-पुढे एकेक गाणं असलेली छोटी रेकॉर्ड यायची, ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून पोरं ती वाजवायची, आणि अशी सात-आठ गाणी साठली की त्यात थोडा भराव घालून कंपनी एलपी काढायची. चक बेरीची कंपनी म्हणजे शिकागोची चेस, पोलंडहून आलेल्या लेनर्ड आणि फिल या दोन भावांची. 1955 च्या मे महिन्यात हा सेंट लुईसचा तिशीकडे झुकलेला माणूस शिकागोला गेला, तिथे ब्लूज गायक मडी वॉटर्सला भेटला, मडीने सांगितलं लेनर्ड चेसला जाऊन भेट, आणि त्याच महिन्यात मेबलीन रेकॉर्ड झालं. चेस म्हणजे ब्लूजवाली कंपनी, याच्याकडून पण ब्लूजच अपेक्षित असणार, पण लेनर्डचे कान टवकारले ते आयडा रेड या जुन्या गावरान फिडल ट्यूनवरून बेतलेल्या गाण्याला. नाव बदलून मेबलीन केलं, आरअँडबी चार्टवर (म्हणजे काळ्या श्रोत्यांच्या गाण्यांच्या यादीत) पहिल्या नंबरला गेलं आणि पॉप चार्टवर पाचव्या. गाणं वाजावं म्हणून रेडिओवाला ॲलन फ्रीड आणि रस फ्रॅटो अशी दोन नावं गीतकार म्हणून चिकटवली गेली, ज्यांनी एक ओळही लिहिली नव्हती, आणि ती पूर्ण निघून हक्क परत चक बेरीच्या एकट्याच्या नावावर यायला 1986 उजाडावं लागलं. हे सांगायचं कारण म्हणजे त्या काळात गाण्यावर कोणाचं नाव आणि अल्बममध्ये कोणतं गाणं हे बऱ्याचदा संगीत सोडून भलत्याच कारणांनी ठरायचं, कलेक्शनची भानगडही तिथूनच सुरू होते.

ग्रेट ट्वेंटी-एट निघाला तेव्हा चेस कंपनी मूळ मालकांच्या हातातून केव्हाच गेली होती, एकाकडून दुसऱ्याकडे असा तिचा प्रवास चाललेला, नंतर एमसीए या बड्या रेकॉर्ड कंपनीकडे गेली. अशा धामधुमीत हा अल्बम इतका शहाणपणाने कसा काय निघाला याचंच आश्चर्य वाटतं. गाणी साधारण काळाच्या क्रमाने आहेत, 1955 च्या मेबलीनपासून 1965 पर्यंत, आणि हा क्रम बाजूबाजूने ऐकताना फार छान जुळून येतो. पहिली बाजू म्हणजे नवशिका पण हुशार लेखक: मेबलीन, थर्टी डेज, यू कान्ट कॅच मी, टू मच मंकी बिझनेस, ब्राऊन आइड हँडसम मॅन, रोल ओव्हर बीथोवन आणि शेवटी हवाना मून. यातलं टू मच मंकी बिझनेस नीट ऐका, अख्खं गाणं म्हणजे कटकटींची यादी आहे, गिरणीतलं काम, हप्त्यावर माल गळ्यात मारणारा सेल्समन, पैसे गिळणारा पब्लिक फोन, सैन्यातली नोकरी, पेट्रोल पंपावरची राबराब, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी वैतागलेला एक हुंकार. चाल जवळजवळ नाहीच, बोलल्यासारखं गातोय, आणि हे 1956 साली. ब्राऊन आइड हँडसम मॅनमध्ये तर बेकारीच्या आरोपाखाली पकडलेला माणूस कोर्टात उभा आहे आणि न्यायाधीशाची बायको त्याला सोडा म्हणून फोन करतेय, डोळे ब्राऊन म्हणायचं आणि सगळ्यांना कळायचं की गोष्ट कातडीच्या रंगाची चाललीये. त्या काळच्या अमेरिकेत काळ्या माणसाने हे हसत हसत रेडिओवरून ऐकवणं म्हणजे काय ते बघा.

दुसरी बाजू म्हणजे थेट तोफखाना. स्कूल डेज, रॉक अँड रोल म्युझिक, ओ बेबी डॉल, रीलिन अँड रॉकिन, स्वीट लिटल सिक्स्टीन, जॉनी बी. गुड, अराउंड अँड अराउंड. एका बाजूला सात गाणी आणि त्यातली बहुतेक पुढे निम्म्या जगाने वाजवली. बरं, रीलिन अँड रॉकिन हे स्वीट लिटल सिक्स्टीनच्या मागच्या बाजूला होतं आणि अराउंड अँड अराउंड जॉनी बी. गुडच्या मागे, म्हणजे ज्याला आपण भराव म्हणू अशा जागेवर हे असलं सामान टाकलेलं.

स्कूल डेजवर जरा थांबतो, कारण चक बेरीची सगळी करामत या एका गाण्यात उघड दिसते. 1957 चं गाणं, सकाळी उठा, शाळेत जा, मास्तरांची कटकट, मागे बसलेला पोरगा छळतोय, जेवणाच्या सुट्टीत जागा मिळत नाहीये, तीन वाजले की दप्तर टाकून कोपऱ्यावरच्या ज्यूकबॉक्सकडे पळा. गातो एक ओळ आणि लगेच गिटार त्याच ओळीच्या लयीत उत्तर देते, पुढची ओळ, परत गिटारचं उत्तर, असं शेवटपर्यंत. तमाशातल्या सवाल-जवाबासारखं, फक्त सवाल करणारा आणि जवाब देणारा एकच माणूस. आता यात गंमत अशी की त्याच चालीवर त्याने सात वर्षांनी नो पर्टिक्युलर प्लेस टू गो केलं, त्यात पोरगा-पोरगी गाडीतून फिरतायत आणि ऐन मोक्याला सीटबेल्ट अडकून बसतो. दोन्ही गाणी या अल्बमवर आहेत, एक दुसऱ्या बाजूला आणि एक चौथ्या. काहींना हे वापरून वापरून चोथा केल्यासारखं वाटतं, मला नाही वाटत, मला दुसरं जास्त आवडतं, कारण विनोदाचं टायमिंग जास्त पक्कं आहे.

आणि जॉनी बी. गुड. त्याच्याबद्दल काय नवीन सांगणार, 1977 ला व्हॉएजर अवकाशयानांसोबत सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी पाठवली तिच्यावर हे गाणं आहे, त्यापुढे बेस्ट ऑफमध्ये असणं म्हणजे काहीच नाही. पण सुरुवातीची ती गिटार, जिच्यासाठी जगभरची पोरं बोटं सोलून घेतात, ती बरीचशी लुई जॉर्डनच्या बँडमधल्या कार्ल होगनने 1946 लाच वाजवून ठेवली होती, एन्ट दॅट जस्ट लाइक अ वुमन या रेकॉर्डवर. दोन्ही लागोपाठ ऐका, सूर न सूर ओळखीचा वाटेल. मग चक बेरीने केलं काय? पिआनोवर डाव्या हाताने वाजवतात तो बूगीचा ठेका गिटारच्या खालच्या तारांवर आणला, वेग वाढवला, आणि वर एक गोष्ट ठेवली, झोपडीत राहणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या पण गिटार मात्र झकास वाजवणाऱ्या पोराची. पोरगा आधी काळा लिहिला होता, रेडिओवर वाजावं म्हणून खेड्यातला केला. नावातलं गुड हे सेंट लुईसच्या गुड अव्हेन्यूवरून, जिथे स्वतः जन्मला.

तिसऱ्या बाजूवर कॅरोल, ब्युटिफुल डिलायला, मेम्फिस, लिटल क्वीनी, ऑलमोस्ट ग्रोन वगैरे. मेम्फिसबद्दल मी जरा हळवा आहे. बाकी गाणी शिकागोच्या स्टुडिओत दणक्यात केलेली, हे मात्र त्याने सेंट लुईसला साध्या टेप रेकॉर्डरवर केलं, त्यामुळे आवाज दबका, ढोल लांब कुठेतरी वाजल्यासारखा. एक माणूस ट्रंक कॉलच्या ऑपरेटरला विनवतोय की मेम्फिसला जोडून द्या, मरीशी बोलायचंय, नंबर नाहीये माझ्याकडे, घराचा पत्ता असा असा आहे, मिसिसिपीच्या पुलापासून अर्ध्या मैलावर. ज्यांच्या घरात कधीकाळी ट्रंक कॉल बुक करून फोनपाशी ताटकळत बसायचे त्यांना हा सूर लगेच कळेल. आपण समजतो प्रेयसी असणार, तिच्या आईला आमचं पटलं नाही म्हणतो, आणि शेवटच्या दोन ओळींत कळतं की मरी सहा वर्षांची आहे, म्हणजे याची लेक, आणि ताटातूट नवरा-बायकोची झालीये. दोन सव्वादोन मिनिटांत एवढं. हे 1959 ला सिंगल म्हणून आलं तेही मागच्या बाजूला, पुढे बॅक इन द यूएसए होतं.

म्हणजे तीन बाजू बिनतोड. चौथी बाजू घोळ करते. सुरुवात झकास आहे, लेट इट रॉक, बाय बाय जॉनी, आय ॲम टॉकिंग अबाउट यू, मग कम ऑन, जे 1961 ला चक बेरीचं चाललं नाही पण दोन वर्षांनी रोलिंग स्टोन्सने आपलं पहिलं सिंगल म्हणून तेच उचललं. मग नॅडीन, त्यात बसमध्ये बसलेल्या माणसाला रस्त्यावर आपली होणारी बायको दिसते आणि तो कॉफीच्या रंगाच्या कॅडिलॅकच्या मागे धावत सुटतो, शब्द इतके खच्चून भरलेत की श्वास कुठे घेतो कळत नाही. नो पर्टिक्युलर प्लेस टू गो. आणि अठ्ठाविसावं, शेवटचं गाणं कोणतं? आय वॉन्ट टू बी युअर ड्रायव्हर. 1965 चं, ठीकठाक, कुणी मुद्दाम लावून ऐकावं असं काही त्यात नाही. आणि या ठीकठाक गाण्यासाठी जागा होती पण यू नेव्हर कॅन टेल आणि प्रॉमिस्ड लँड या दोघांना नव्हती. हे कोणी आणि कोणत्या धुंदीत ठरवलं देव जाणे. रोलिंग स्टोन मासिकाने 2003 ला सर्वोत्तम अल्बमच्या यादीत ग्रेट ट्वेंटी-एटला एकविसावा नंबर दिला, 2020 च्या नव्या यादीत एक्कावन्नावा, एवढं कौतुक झालेल्या कलेक्शनमध्ये एवढं मोठं भगदाड आहे.

भगदाड किती मोठं ते कळण्यासाठी ही दोन गाणी कधीची ते बघावं लागतं. 1959 च्या शेवटी चक बेरीला अटक झाली, चौदा वर्षांच्या मुलीला राज्याच्या सीमेपलीकडून आणल्याच्या प्रकरणात, मॅन ॲक्टखाली. पहिला निकाल न्यायाधीशाच्या वर्णद्वेषी शेरेबाजीमुळे रद्द झाला, परत खटला चालला, परत दोषी ठरला आणि 1962 च्या सुरुवातीपासून 1963 च्या ऑक्टोबरपर्यंत आत होता. हे पांघरूण घालण्यासारखं नाहीये, आणि हे माहीत असताना स्वीट लिटल सिक्स्टीन ऐकताना कसंतरी होतं, पुढेही या माणसाच्या नावावर बायकांच्या बाबतीतले गलिच्छ प्रकार आलेच, 1990 ला त्याच्या रेस्टॉरंटमधल्या बायकांच्या टॉयलेटमध्ये कॅमेरे लावल्याचे आरोप झाले आणि कितीतरी जणींनी दावा लावला. ज्याला यामुळे ऐकायचंच नसेल त्याच्याशी माझा वाद नाही. पण ऐकायचं ठरवलंत तर या तुरुंगात लिहिलेली गाणी सोडून चालणार नाही.

प्रॉमिस्ड लँडमध्ये व्हर्जिनियातल्या नॉरफोकचा एक गरीब पोरगा कॅलिफोर्नियाला निघतो. ग्रेहाउंडची बस, मग अलाबामात बस बंद पडते, बर्मिंगहॅमहून रेल्वे, न्यू ऑर्लिन्स, ह्यूस्टनला ओळखीचे लोक नवीन सिल्कचा सूट घेऊन देतात, मग विमान, आणि लॉस एंजेलिसला उतरल्यावर घरी फोन. रस्ता बरोबर लिहायचा म्हणून त्याने तुरुंगात नकाशाची वही मागितली तर अधिकारी बिचकले, कैद्याला नकाशा कशाला हवा म्हणून! चाल वाबॅश कॅननबॉल या जुन्या रेल्वेगाण्याची. आणि एक बारीक जागा सांगतो. बस साउथ कॅरोलिनातल्या रॉक हिलला न थांबता बाहेरून निघून जाते. 1961 ला फ्रीडम रायडर्स हे वर्णभेदाविरुद्धचे कार्यकर्ते बसने दक्षिणेत निघाले, काळे-गोरे एकत्र, तेव्हा त्यांना पहिली मारहाण याच रॉक हिलला झाली होती आणि पुढे अलाबामात बस जाळली, बर्मिंगहॅमला बेदम मारलं. गाण्यात निषेधाचा एक शब्द नाही, नुसता प्रवास आहे, पण रस्ता तोच. मला तरी हे त्याचं सगळ्यात मोठं गाणं वाटतं, जॉनी बी. गुडच्याही वरचं.

यू नेव्हर कॅन टेल एकदम दुसऱ्या टोकाचं. दोन कोवळ्या पोरांचं लग्न, म्हातारी मंडळी मान हलवतायत की टिकतंय का बघू, आणि मग त्यांच्या संसाराचा तपशील, फर्निचर सिअर्सच्या दुकानातलं, फ्रिजमध्ये तयार जेवणाची पाकिटं आणि जिंजर एल, सातशे छोट्या रेकॉर्ड, रंगवलेली जुनी गाडी. गिटार मागे सरकलीये आणि पुढे नाचतोय तो जॉनी जॉन्सनचा पिआनो. जॉनी जॉन्सन म्हणजे ज्याच्या बँडमध्ये चक बेरी 1952 च्या थर्टीफर्स्टला बदली म्हणून वाजवायला गेला आणि बघता बघता बँड याचाच झाला. चक बेरीची बरीच गाणी बी फ्लॅट, ई फ्लॅट अशा पट्ट्यांत आहेत, ज्या पिआनोवाल्याला सोयीच्या आणि गिटारवाल्याला अडचणीच्या, त्यावरून चालींमध्ये जॉनीचा हात किती हा वाद कायम पेटलेला असतो. जॉनीने 2000 ला दावासुद्धा लावला होता, पण फार उशीर झाला म्हणून कोर्टाने काढून टाकला. हा वाद स्वतःच्या कानाने तपासायचा असेल तर यू नेव्हर कॅन टेलशिवाय कसा तपासणार?

इथे डेफिनिटिव्ह कलेक्शन जिंकतो. दोन्ही गाणी आहेत, मोठे हिट जवळजवळ सगळे आहेत, एका सीडीत. सत्तरचं दशकसुद्धा आहे, म्हणजे शेवटी माय डिंग-अ-लिंग येतं. आता हे गाणं. 1972, इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला कार्यक्रमात पब्लिककडून गाऊन घेतलेलं, आंबटशौकीन कॉलेजगँगच्या पातळीचं द्व्यर्थी गाणं, आणि हेच त्याचं अमेरिकेतलं एकमेव पहिल्या नंबरचं पॉप हिट. जॉनी बी. गुड आठव्यावर अडकलं, स्वीट लिटल सिक्स्टीन दुसऱ्यावर, आणि हे पहिलं. इतिहास म्हणून असू द्या, पण प्रॉमिस्ड लँडचा रंग चढलेला असताना हे सुरू झालं की मी तरी बटण दाबतो. ग्रेट ट्वेंटी-एट 1965 ला थांबतो हा त्याचा मोठेपणा असाच कळतो.

आणि आणखी एक फरक, जो कागदावर दिसत नाही. ग्रेट ट्वेंटी-एट रेकॉर्डसाठी रचलेला आहे, वीसेक मिनिटांनी बाजू संपते, तुम्ही उठता, पलटता, जरा कानाला विश्रांती मिळते. चक बेरीला ही विश्रांती लागतेच लागते, कारण सुरुवातीच्या गिटारचे दोन-तीनच नमुने आहेत आणि बारा बारच्या (एक बार म्हणजे चार मात्रा) ब्लूजचा तोच साचा, सलग तीस गाणी ऐकली तर पंचविसाव्याला सगळं एकमेकांत मिसळायला लागतं. सीडीवर किंवा मोबाईलवर हे फार जाणवतं. म्हणून रेकॉर्ड प्लेअर असेल तर ग्रेट ट्वेंटी-एट, डोळे मिटून. मोबाईलवर ऐकणार असाल किंवा गाडीत, तर डेफिनिटिव्ह, शेवटचं गाणं वगळून.

पण भाच्याला मी जे सांगितलं ते थोडं वेगळं आहे. एकच घ्यायचं हा हट्ट सोड, दोन घे: ग्रेट ट्वेंटी-एट आणि त्याच्या जोडीला 1964 चा सेंट लुईस टू लिव्हरपूल. हा कलेक्शन नाही, रीतसर चेसचा अल्बम आहे, तुरुंगातून सुटल्यानंतरचा. बीटल्सने रोल ओव्हर बीथोवन आणि रॉक अँड रोल म्युझिक रेकॉर्ड केलेली, स्टोन्स याचीच गाणी गात मोठे होतायत, बीच बॉइजनी तर स्वीट लिटल सिक्स्टीनची चाल उचलून सर्फिन यूएसए केलेलं, अशा वेळी कंपनीने लिव्हरपूलचं नाव बरोबर हेरलं. यात प्रॉमिस्ड लँड आहे, यू नेव्हर कॅन टेल आहे, आणि वर लिटल मरी आहे, म्हणजे मेम्फिसच्या त्या फोनची पुढची गोष्ट. ग्रेट ट्वेंटी-एटमधलं भगदाड एका एलपीत बुजतं, आणि त्यात नो पर्टिक्युलर प्लेस टू गो हे एकच गाणं दोनदा येतं, तेवढं चालतं.

बाकीच्यांबद्दल भराभर. 1988 चा चेस बॉक्स, तीन सीडी, एकाहत्तर गाणी, ब्लूज आणि इन्स्ट्रुमेंटल पण भरपूर, ज्याला वेड लागलंय त्याच्यासाठी. पन्नासच्या दशकातलं चेसचं झाडून सगळं असलेला चार सीडींचा संचही आहे, त्यात एकाच गाण्याचे फसलेले टेकसुद्धा, तो अभ्यासकांना. 2017 ला, म्हणजे चक बेरी वारला त्याच वर्षी, ग्रेट ट्वेंटी-एटचा भलामोठा व्हिनाइल बॉक्स आला, सोबत राहिलेल्या गाण्यांची वेगळी रेकॉर्ड, डेट्रॉइटचा 1963 चा लाइव्ह कार्यक्रम आणि ख्रिसमसच्या गाण्यांची छोटी तबकडी, सुंदर आहे पण पहिली खरेदी म्हणून खिशाला खड्डा. जुन्या रेकॉर्डच्या दुकानात 1967 चा गोल्डन डिकेड हा डबल एलपी बऱ्याचदा दिसतो, चोवीस गाणी, तीही अस्सल चेसची, स्वस्तात मिळाला तर घ्या, फक्त जॅकेटवर रीचॅनल्ड स्टिरिओ असलं काही छापलंय का बघा. त्या काळात मोनो, म्हणजे सगळा आवाज एकत्र असलेल्या, टेपचा जाड आवाज एका कानात आणि बारीक दुसऱ्या कानात असा फाडून नकली स्टिरिओ करायचे, त्याने मेबलीनच्या गिटारची जी फाटकी किरकिर आहे, जिच्यात सगळी मजा आहे, ती पार धुऊन जाते. मोनोच पाहिजे, आणि शक्यतो स्पीकरवर.

आता फसव्या मालाबद्दल, कारण नवीन माणूस इथेच अडकतो. 1966 ला चक बेरी चेस सोडून मर्क्युरी कंपनीकडे गेला आणि तिथे 1967 ला गोल्डन हिट्स नावाने आपलीच जुनी गाणी परत रेकॉर्ड केली. नाव तेच, गायक तोच, आवाज मात्र भलताच, ती धार नाही, घाईघाईत उरकल्यासारखं, विली डिक्सनचा तो लाकडी बास नाही. ही रेकॉर्डिंग्ज स्वस्त सीड्यांवर आणि ॲपवर कुठेही घुसलेली असतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे यादीत क्लब निटी ग्रिटी हे गाणं दिसलं की समजा मर्क्युरीवाला माल. दुसरा प्रकार युरोपातल्या स्वस्त कलेक्शनचा, शंभर गाणी एका भावात असला, यांत रेकॉर्डिंग बहुतेक अस्सल चेसचंच असतं, कारण तिकडे 1962 पर्यंत आलेल्या रेकॉर्डिंगचा हक्क संपलाय आणि कोणीही छापू शकतं. पण म्हणूनच ही कलेक्शन 1962 ला थांबतात, आणि नॅडीनपासून प्रॉमिस्ड लँडपर्यंतचं सगळं 1964 चं. शंभर गाणी घेऊनही हीच नेमकी नाहीत! लाइव्ह अल्बमच्या नादी सुरुवातीला लागूच नका, हा माणूस वर्षानुवर्षं एकटाच गिटार घेऊन गावोगाव फिरायचा, पैसे आधी रोख घ्यायचा, वाजवायला त्या गावातली मिळतील ती पोरं, सराव नाही काही नाही, त्यामुळे कधी धमाल आणि कधी सगळा आनंदीआनंद.

आपल्याकडे या सगळ्याचं काय झालं असं कोणी विचारेल म्हणून जाता जाता सांगतो, स्कूल डेज आलं त्याच 1957 साली इकडे आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी आशा सिनेमात ईना मीना डीका करून ठेवलं होतं, आणि मुंबईच्या स्टुडिओंतले गोव्याचे वादक असली लय सहज वाजवत होते. चक बेरी ऐकून झाल्यावर ते परत लावा, वेगळ्याच गोष्टी ऐकू येतील. तो आणखी एक लेख होईल.

पैसे घालण्याआधी खात्री करायची असेल तर मोबाईलवर चेसची मूळ रेकॉर्डिंग्ज शोधून पाच गाणी या क्रमाने लावा: मेबलीन, टू मच मंकी बिझनेस, मेम्फिस, नॅडीन, प्रॉमिस्ड लँड. जॉनी बी. गुड मुद्दाम घेतलं नाही, ते कोणालाही आवडतं, त्यावरून काही कळत नाही. पाचही आवडली तर वरच्या दोन एलपी घेऊन टाका. गिटार आवडली पण शब्दांशी काही देणंघेणं वाटलं नाही, तर डेफिनिटिव्ह पुरेल, पुढे जायची गरज नाही. आणि चौथ्या गाण्यापर्यंत अरे हे सगळं सारखंच वाटतंय असं झालं, तर तुमचा माणूस हा नाही, त्याच काळातला न्यू ऑर्लिन्सचा फॅट्स डॉमिनो ऐकून बघा, पैसे तिकडे घाला.